हृदयविकार : शब्द एक, व्याधी अनेक

वर्तमानपत्रातील निधनवार्ता वाचताना एक वाक्य आपल्या नजरेखालून नेहमी जाते : ‘हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.’ आपण क्षणभर हळहळतो आणि मृत्यूचे कारण कळले असे समजून पुढील मजकुराकडे वळतो. पण जरा थांबून विचार केला, तर या वाक्याने आपल्याला काहीच सांगितलेले नाही हे ध्यानात येईल. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणाचा मृत्यू होतो? तापाने गेलेल्याचे, अपघातात सापडलेल्याचे, शंभरी गाठून शांतपणे डोळे मिटलेल्याचे, सर्वांचेच हृदय अखेरीस थांबते. हृदय थांबणे ही मृत्यूची खूण आहे. ते त्याचे कारण नव्हे.

‘हृदयविकार’ या शब्दाचीही बरीचशी हीच गत आहे. शब्द सर्वांच्या परिचयाचा, परंतु त्याचा अर्थ विचारला तर प्रत्येकजण निराळे उत्तर देईल. वाचकहो, एका घराची कल्पना करा. आजोबांना दोन वर्षांपूर्वी छातीत कळा आल्या, रुग्णालयात न्यावे लागले आणि डॉक्टरांनी हृदयविकाराचे निदान केले. यंदा अकरा वर्षांच्या नातीला ताप आला, सांधे सुजले आणि तपासणीअंती तिलाही हृदयविकार असल्याचे निष्पन्न झाले. आजी काय करील? जे पथ्य आजोबांना, तेच ती मायेपोटी नातीलाही लावील. पोरीच्या पोळीवरचे तूप बंद होईल. आणि तिला दर तीन आठवड्यांनी द्यावयाचे इंजेक्शन मात्र ‘आता तर पोर हिंडती-फिरती झाली, उगीच सुई कशाला टोचायची?’ म्हणून एक दिवस चुकेल, मग दुसऱ्यांदाही चुकेल. नाव एक झाले म्हणून आजार एक झाला असे आजीने धरले आणि तिथेच घात झाला. कारण आजोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडल्या होत्या, नातीच्या हृदयाच्या झडपा. पहिल्याला तूप वर्ज्य होते. दुसरीला ती सुई हीच संजीवनी होती.

यास्तव घरात हा शब्द उच्चारला गेला, की ‘हृदयविकार, पण कोणता?’ असा प्रश्न प्रत्येकाने विचारावयास शिकले पाहिजे. त्याचे उत्तर समजण्यापुरती माहिती या लेखात देण्याचा विचार आहे.

काळीज आणि हृदय

या गोंधळाला आपल्या भाषेनेही थोडा हातभार लावला आहे. भीतीने आपल्या काळजाचे पाणी होते, दुःखाने काळजाला घरे पडतात, निर्दय माणसाला आपण हृदयशून्य म्हणतो. बोलण्यापुरते हे सर्व सुंदर आहे. पण त्यामुळे हृदयविकार हा हळव्या, भित्र्या किंवा दुःखी माणसांचा आजार होय, असा समज नकळत रुजतो. ‘ते तर मोठे धीराचे होते हो, त्यांना कसा झटका आला?’ असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. मनावरील ताणाचा हृदयाशी संबंध आहे हे खरे. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने हृदय हा भावनांचा निवास नसून अहोरात्र राबणारा एक स्नायू आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे, किंचित डावीकडे झुकलेला हा अवयव ज्याच्या त्याच्या मुठीएवढा असतो. त्याचे वजन सुमारे तीनशे ग्रॅम. तो दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि दर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त पुढे लोटतो. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे याने १६२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर शरीरात रक्त सतत नव्याने तयार होते व खर्ची पडते असा युरोपातील विद्वानांचा समज होता. हार्वेने साधा हिशेब मांडला. प्रत्येक ठोक्यास हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजले, तर अर्ध्या तासातच ते शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. आजचे हृदयशास्त्र या हिशेबावर उभे आहे.

हृदयाची रचना समजण्यासाठी आपण त्याला एक लहानसे घर मानू. या घराला चार खोल्या आहेत. वर दोन, खाली दोन. उजव्या बाजूच्या खोल्यांत शरीरातून परतलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त येते व फुप्फुसांकडे जाते. डाव्या बाजूच्या खोल्यांत फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त येते व सर्व शरीराकडे धाडले जाते. घराच्या भिंती स्नायूंच्या आहेत. रक्ताने एकाच दिशेने जावे म्हणून चार दारे आहेत, त्यांना झडपा म्हणतात. भिंतींना स्वतःलाही रक्त लागते. ते आणणारे बारीक नळ घराच्या बाहेरून फिरवलेले आहेत. भिंतींनी ठरलेल्या तालावर आकुंचन पावावे म्हणून आतून विजेच्या तारांसारखी एक यंत्रणा आहे. आणि हे सारे आईच्या उदरात एका आराखड्याप्रमाणे बांधले गेलेले असते.

दार, नळ, भिंत, तार आणि आराखडा. यांपैकी कशातही बिघाड झाला तरी त्याला हृदयविकारच म्हणतात. आता एकेकाचा विचार करू.

दारांचा आजार : घशापासून हृदयापर्यंत

शाळेत जाणाऱ्या मुलांचा घसा दुखणे ही घरोघरची गोष्ट. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. परंतु स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूच्या एका जातीमुळे घसा आला आणि त्यावर योग्य उपचार झाला नाही, तर काही मुलांच्या बाबतीत विपरीत घडते. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले सैन्य, जंतू व स्वतःचे सांधे आणि हृदय यांत गफलत करते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. याला संधिज्वर म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींत तो विशेष आढळतो. सांध्यांची सूज पुढे मागमूस न ठेवता ओसरते, म्हणून घरची माणसे निर्धास्त होतात. परंतु हृदयाच्या झडपांवर उठलेला व्रण तसा जात नाही. प्रत्येक नव्या ज्वराबरोबर झडप अधिक जाड होते, चिकटते किंवा गळू लागते. पुढे काही वर्षांनी जिना चढताना धाप लागते. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा हा आजार पहिल्या गरोदरपणीच, हृदयावरचा भार वाढल्यावर उघडकीस येतो.

हा आजार दाटीने राहणाऱ्या, वैद्यकीय मदत उशिरा मिळणाऱ्या वस्तीत अधिक असतो. सुखवस्तू देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो अजून आहे. आणि हळहळ वाटण्याजोगी गोष्ट ही, की त्याला आळा घालणारे औषध स्वस्त व जुने आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली गवसलेले पेनिसिलिन ते हेच. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो मुख्यतः पेनिसिलिनच्या निर्मितीसाठीच. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध सुरू झाले, तरी संधिज्वर टाळता येतो. ज्याला एकदा संधिज्वर झाला त्याला तो पुन्हा होऊ नये म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. किती वर्षे, हे झडपांची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. काहींच्या बाबतीत ते चाळिशीपर्यंतही चालते. पेनिसिलिन एखाद्याला मानवत नसेल तर पर्यायी औषधे आहेत. तेव्हा हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावेत.

बिघडलेली झडप फुग्याच्या साहाय्याने उघडता येते, दुरुस्त करता येते किंवा बदलताही येते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली एक कृत्रिम झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्या असंख्य कुटुंबांना या ‘चित्रा’ झडपेने आधार दिला. तथापि सर्वांत उत्तम झडप जन्मतः मिळालेलीच असते, आणि तिचे रक्षण मुलाच्या दुखऱ्या घशाकडे वेळीच पाहण्याने होते.

नळांचा आजार : ज्याला आपण ‘झटका’ म्हणतो

महाधमनीच्या उगमापाशी दोन बारीक धमन्या फुटतात आणि मुकुटासारख्या हृदयाला वेढतात. लॅटिन भाषेतील मुकुटवाचक शब्दावरून त्यांना करोनरी हे नाव मिळाले आहे. हृदयात सतत रक्त खेळत असले तरी त्याच्या भिंतीचे पोषण मुख्यतः या दोन धमन्यांवरच अवलंबून असते. त्यांच्या आतील बाजूस चरबीचा थर साचत जातो. हे काम म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियातील युद्धात मृत्युमुखी पडलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे बावीस होते, आणि तरीही त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या करोनरी धमन्यांत या बिघाडाच्या खुणा दिसल्या.

थर वाढून नळ अरुंद झाला, की चालताना किंवा चढण चढताना छातीवर दाब आल्यासारखे वाटते आणि थांबल्यावर बरे वाटते. विल्यम हेबर्डन याने १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे या हृच्छूलाचे वर्णन केले, ते आजही जसेच्या तसे लागू पडते. पण कधी कधी तो थर अकस्मात फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि नळ पुरता बंद होतो. त्या नळावर अवलंबून असलेला भिंतीचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. असा झटका म्हणजे मृत्यूच, असे वैद्यही समजत असत. जेम्स हेरिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९१२ साली दाखवून दिले, की गुठळी झाल्यावरही माणूस जगू शकतो. आज ती गुठळी विरघळवणारी इंजेक्शने आहेत. आणि १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने धमनी उघडण्याची जी रीत प्रथम यशस्वी केली, ती आपल्या देशातील अनेक शहरांत उपलब्ध आहे.

परंतु या सर्व उपायांना एक अट आहे, ती वेळेची. जेवढा उशीर, तेवढी भिंत कायमची मेली. आणि आपल्या घरांतून हा उशीर कशामुळे होतो? ‘पित्त झाले असेल’, ‘गॅस धरला असेल’ या एका समजुतीमुळे. मध्यरात्री छातीत दुखू लागले, की कोणी ओवा चावायला देतो, कोणी सोडा आणतो, कोणी पाठीला तेल चोळतो, आणि सकाळ होण्याची वाट पाहण्यात येते. ज्या घटकांत हृदय वाचवता आले असते, त्या ओव्या-सोड्यात निघून जातात.

म्हणून ही लक्षणे घरातील प्रत्येकाने पाठ करावीत. छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे वाटणे. ते दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, पाठीत, मानेत किंवा जबड्यात जाणे. दरदरून घाम, धाप, मळमळ, अकारण जीव घाबरा होणे. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेही व्यक्तींत छातीत फारसे न दुखता नुसती धाप, घाम किंवा पराकाष्ठेचा थकवा एवढेच दिसणे शक्य असते. ‘घरातल्या बाईला कसला अटॅक?’ हा प्रश्न मनातही आणू नये. अशी लक्षणे काही मिनिटांत ओसरली नाहीत, तर रुग्णाला चालवू नका, जिना चढू-उतरू देऊ नका. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करा आणि कार्डिओग्राम व उपचाराची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा. अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळण्यास दूरध्वनीवरून डॉक्टरांनी सांगितले तर ती द्यावी. मनाने देऊ नये, कारण काही रुग्णांना ती अपायकारक ठरते. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी डॉक्टर थोड्या वेळाने दुसरा काढतात. ‘एकदा चांगला आला ना, मग चला घरी’ असा आग्रह धरू नये. अखेरीस ते पित्तच ठरले, तर फुकट धावपळ झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्या धावपळीइतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

भिंत आणि तार

भिंतीचा आजार संथ पावलांनी येतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध जोर लावून लावून स्नायू जाड होतो आणि पुढे थकतो. झटक्यात एखादा भाग मेल्याने उरलेल्यावर भार पडतो. कधी विषाणूने, कधी मद्याने, कधी आनुवंशिक कारणाने स्नायू दुबळा होतो. मग रक्त पुरेशा जोराने पुढे जात नाही, पायांवर सूज येते, आडवे झाले की धाप लागते आणि उशा वाढवाव्या लागतात. याला इंग्रजीत ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस गेला असा होतो, त्यामुळे कागदावर हे शब्द वाचून कुटुंबाच्या पायांखालची जमीन सरकते. वास्तविक त्याचा अर्थ हृदय थांबले असा नसून ते अपुरे पडू लागले, एवढाच आहे. औषधे नेमाने घेऊन, मीठ बेताचे ठेवून आणि रोज सकाळी वजन नोंदवून असे रुग्ण वर्षानुवर्षे कामकाज करतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते अंगावर मांस चढल्याचे नव्हे, पाणी साचल्याचे चिन्ह समजून डॉक्टरांकडे जावे.

याच प्रकारात एक असा विकार येतो, की ज्याचे मूळ हृदयात नसून फुप्फुसांत असते. भारतातील आद्य महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत केलेले एक संशोधन १९५९ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसांच्या जुनाट रोगामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेल्या रुग्णांत, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने त्यांना आढळल्या. त्या स्त्रियांच्या छातीत धूर गेला होता तो चुलीचा. १९६२ साली अखिल भारतीय हृदय प्रतिष्ठान उभारणाऱ्या या विदुषींचे २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी निधन झाले. स्वयंपाकघरातील धुराड्याचा आणि खिडकीचा प्रश्न हा हृदयाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, हे त्यांच्या कामातून आपण घ्यावयाचे.

तारांच्या बिघाडात हृदयाचा ताल चुकतो. तो फार मंदावला तर घेरी येते. अशांना छातीच्या कातडीखाली बसवलेला छोटा पेसमेकर ताल पुरवतो. काहींच्या हृदयाच्या वरच्या खोल्या नुसत्या थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. आणि सर्वांत भयंकर बिघाड खालच्या खोल्यांचा. त्या एकाएकी निरर्थक थरथरू लागल्या, की रक्त पुढे जाणेच थांबते व माणूस उभ्याउभ्या कोसळतो. निधनवार्तेतील ‘हृदयक्रिया बंद पडणे’ अचानक घडते ते पुष्कळदा असे. झटक्याचा रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, दुखते म्हणून सांगतो. त्याला रुग्णालयात न्यावयाचे असते. हा रुग्ण हाकेला उत्तर देत नाही, नीट श्वास घेत नाही; त्याच्यावर उपचार तेथल्या तेथे, त्याच क्षणी सुरू व्हावा लागतो. एकाने दूरध्वनी करावा. दुसऱ्याने रुग्णाला जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी एका हाताच्या तळव्यावर दुसरा हात ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर छाती दबेल इतक्या जोराने दाबत राहावे आणि मदत येईतो थांबू नये. ही क्रिया शिकण्यास एक दुपार पुरते. आपल्या वसाहतीत किंवा शाळेत तिचे शिक्षण देण्याची व्यवस्था करणे हे एक मोठे समाजकार्य ठरेल.

आराखड्यातील चूक

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ बालके हृदयाच्या रचनेत काही दोष घेऊन येतात. कोणाच्या दोन खोल्यांमधील भिंतीत छिद्र असते, कोणाची रक्तवाहिनी अरुंद असते. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्यांना उपचार लागतो. अंगावर पिताना दमणारे, पिता पिता कपाळावर घाम येणारे, वजन न वाढणारे किंवा ओठ-नखे निळसर दिसणारे मूल डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये. १९४४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेलन तौसिग, आल्फ्रेड ब्लालॉक व व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून अशा निळ्या बालकावर पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि पूर्वी निराश होऊन सोडून दिलेल्या मुलांना आयुष्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोष आणि संधिज्वराने झालेला हृदयविकार या दोहोंचा तिच्यात समावेश आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. असे मूल जन्मले, की ‘ग्रहणात हिने काही चिरले असेल’ म्हणून बोट आईकडे दाखवले जाते. ग्रहणाचा आणि या दोषाचा कसलाही संबंध नाही. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडतच नाही. जी थोडी कारणे ज्ञात आहेत, त्यांत गरोदरपणी झालेला रुबेला हा गोवरासारखा आजार एक आहे, आणि त्यावर लस आहे. आईला दोष देण्यात जी शक्ती जाते, ती लसीकरणाकडे वळवावी.

घराच्या हाती काय?

२००४ साली बावन्न देशांतील रुग्णांच्या तुलनेवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यांपैकी नऊ-दशांशाहून अधिक भार अवघ्या नऊ गोष्टींवर असल्याचे त्यात दिसले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील विघातक चरबी, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे-भाज्यांची वाण आणि व्यायामाचा अभाव ही त्यांतील प्रमुख. दक्षिण आशियातील माणसांना हा झटका इतरांपेक्षा सरासरीने काही वर्षे आधीच गाठतो, हेही त्यात स्पष्ट झाले. कर्त्या वयातील माणूस जाणे म्हणजे काय, हे ज्या घरावर तो प्रसंग आला त्यांना सांगावे लागत नाही.

यांतील बहुतेक गोष्टी घराच्या उंबरठ्याच्या आतल्या आहेत. सिगारेट सोडून बिडी किंवा मिश्री धरणे म्हणजे तंबाखू सोडणे नव्हे. लोणचे, पापड व वरून घेतलेले मीठ मिळून दिवसाला एका लहान चमच्यापेक्षा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ पोटात जाऊ नये. तेच ते तेल पुनःपुन्हा तळणासाठी वापरू नये. वनस्पती तुपातील घातक चरबीवर २०२२ पासून शासनाने दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे; तरी हात आखडता ठेवलेला बरा. वयाची तिशी ओलांडली, की रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून एकदा तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच दुखत नाही, आणि नेमके म्हणूनच तो मोजावा लागतो.

आणि घरात कोणाला हृदयविकार असल्याचे सांगण्यात आले, तर घाबरून न जाता डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. बिघाड नेमका कशात आहे : झडपेत, रक्तवाहिनीत, स्नायूत, तालात की जन्मजात रचनेत? कोणते औषध कशासाठी आहे आणि ते किती काळ घ्यावयाचे? कोणते लक्षण दिसताच, रात्र असो वा दिवस, धाव घ्यावयाची? तिन्ही उत्तरे मराठीत एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कार्डिओग्रामसह एका पिशवीत, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीला टांगून ठेवा. बदली होऊन परप्रांतात जावे लागले, तर ती पिशवी सामानात न बांधता हातात न्यावी.

आपल्या कल्पनेतील त्या घरी आजीने हे प्रश्न विचारले असते, तर काय झाले असते? आजोबांच्या पानावर तेल-तूप बेतानेच वाढले गेले असते. नातीच्या पोळीवर मात्र पूर्वीसारखे तूप असते, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती अंगणात मैत्रिणींबरोबर खेळली असती. आणि स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी-चतुर्थीच्या खुणांशेजारी, दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या एका तारखेभोवती, आजीने स्वतःच्या हाताने तांबडे वर्तुळ काढून ठेवले असते.